अमुशाला माग बंद

आम्ही वडगाव सोडलं तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नव्हतीस. बेळगाव स्टेशनवरून संध्याकाळची गाडी होती. पोत्यात भांडी, ट्रंकेत कपडे आणि तू तुझ्या आप्पांच्या खांद्यावर झोपलेली. माझी आई पोहोचवायला आली होती. ती रडली नाही. गाडी हलली तशी खिडकीचा गज धरून थोडी चालली आणि म्हणाली, "कुठं बी ऱ्हा पोरी, अमुशाला मागाला हात लावू नको."

आम्ही चाललो होतो तिथं माग नव्हता, हे तिला माहीत होतं. पण विणकराच्या घरातून निघालेल्या मुलीला दुसरं काय सांगायचं, हे तिला सुचलं नसावं.

तू मराठी बोलतेस, पण तुला वाचता येत नाही. तुझी शाळा बेंगळूरला कानडीत आणि इंग्रजीत झाली. मला चौथीपर्यंत शिकवलं तेवढंच लिहिता येतं. फोनवर तुझ्याशी बोलायला लागले की जेवलीस का, बरी आहेस ना, याच्यापुढं माझी जीभ जात नाही. म्हणून हे लिहिते. तू वाचणार नाहीस म्हटल्यावर हात जरा मोकळा चालतो.

आपल्या घरात चार माग होते. दोन तुझ्या आप्पांचे, दोन मोठ्या काकांचे, एकाच लांब खोलीत. मी आणि माझी थोरली जाऊ, तुझी मोठी आई, आम्ही दोघी दिवसभर मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत बसायचो. मी तिला आक्का म्हणते. सून म्हणून आले तेव्हा मला कांडी भरायला तिनंच शिकवलं. मागांचा आवाज एवढा की समोरच्याचे ओठ बघून काय ते समजून घ्यायचं. मला ते सोयीचं होतं. मी लाजून गप्प आहे, हे त्या आवाजात कुणाला कळत नव्हतं.

अमुशाला, म्हणजे अमावास्येला, मात्र सगळ्या गल्लीचे माग बंद. सकाळी माग पुसायचे, सुताची धूळ काढायची, तेल घालायचं, कुंकू लावायचं, पुरणाच्या कडबूंचा नैवेद्य दाखवायचा. मग बायका कट्ट्यावर बसायच्या आणि महिन्याचं साठलेलं बोलून घ्यायच्या. त्या एका दिवशी मी सुद्धा दोन वाक्यं बोलत असे.

पुढं साड्या खपेनात. व्यापारी आप्पांना सांगायचा की सुरतेहून अगदी अशीच दिसणारी साडी निम्म्या भावात येते. एकदा मला म्हणाला, "वैनी, तुमची साडी वाईट न्हाई. पर बायका आता साडी नेसत्यात कुठं?" मी खाली बघितलं. आक्का तेव्हा नायटीवर टॉवेल टाकून कांड्या भरत होती. सूत महागलं की तो म्हणायचा, तिकडं कापसाचं काहीतरी झालंय. तिकडं म्हणजे कुठं, हे आम्ही कधी विचारलं नाही. शेवटी आप्पांनी आपले दोन माग भंगारात दिले आणि आम्ही निघालो.

बेंगळूरला शर्टच्या फॅक्टरीत मला कॉलरचं काम मिळालं. वडगावला एक साडी सुरू झाली की पदरापर्यंत घरातल्या सगळ्यांचा हात तिला लागायचा. इथं मी फक्त कॉलर शिवायची. बाह्या कोण लावतं, बटणं कुठं लागतात, मला माहीत नसायचं. पूर्ण शर्ट मी पहिल्यांदा बघितला तो खोक्यात जाताना. ऐन मे महिन्यात आम्ही तिकडच्या, अमेरिकेतल्या थंडीचे जाड शर्ट शिवायचो, घामानं कापडावर डाग पडू नये म्हणून मांडीवर फडकं घेऊन. आमचा हंगाम म्हणजे त्यांचा नाताळ. तिकडच्या दुकानात गिऱ्हाईक कमी झालं की आमचा ओव्हरटाईम बंद. ती माणसं मी कधी बघितली नाहीत, पण त्यांच्या गळ्याची मापं मला पाठ होती.

पहिल्याच महिन्यात अमावास्या आली. शिलाईचं मशीन म्हणजे माग धरायचा की नाही, हे मला ठरवता येईना. कुणाला विचारायची लाज वाटली. मला वाटलं, सुताचंच काम आहे, बंद असणारच. मी घरी राहिले, कडबू केले, तुला खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या मशीनपाशी कॉलरींचा ढीग आणि पुढची सगळी लाईन माझ्यावर चिडलेली. सुपरवायझर बाई कानडीत एवढंच म्हणाली, "तुझी अमावास्या अमेरिकेला कळवली होतीस का?" सगळ्या हसल्या. मी पण हसले, कारण दुसरं काही येईना. पुढच्या अमावास्येला मी कामाला गेले. का गेले, हे मी आप्पांनाही कधी सांगितलं नाही.

अशी वर्षं गेली. तू मोठी झालीस, मैत्रिणींसमोर मला अम्मा म्हणायला लागलीस, मग घरातही अम्माच राहिलं. तुला नोकरी लागली. त्याच सुमारास आमची फॅक्टरी हळूहळू रिकामी व्हायला लागली. बेंगळूरचा पगार परवडत नाही, माल घेणारे दुसऱ्या देशात जाऊ म्हणतात, असं साहेबांनी सांगितलं. कंपनीनं बेळगावच्या बाहेर नवीन शेड घातली होती. जुन्या बायकांनी तिथं जाऊन नव्यांना शिकवावं. पगार कमी, पण काम पक्कं. आप्पांचे पाय वॉचमनकीत उभं राहून सुजायचे. ते म्हणाले, "चल, घर तरी आपलं हाय." तू म्हणालीस, तुम्ही जा, माझं सगळं इथंच आहे. तुझं खरं होतं. आपला गाव सोडून आपण ज्या कामामागं गेलो, तेच काम आमच्या मागून गावात आलं होतं, आणि तू तेवढी तिकडं राहिलीस.

शेडमध्ये उचगाव, सांबऱ्याच्या बायका येतात, आणि आपल्या वडगावच्या तर कितीतरी. कंपनीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते. मोठ्या काकांचे मागही आता नुसते उभेच असतात, म्हणून आक्कासुद्धा यायला लागली. जिनं मला कांडी शिकवली, तिला मी कॉलर शिकवली. तिला ते आवडलं नाही आणि मलाही.

मग अमावास्या आली आणि अर्धी लाईन रिकामी. वडगावची एकही बाई आली नव्हती. साहेब परक्या मुलखाचा, हिंदी बोलणारा. त्यानं मला बोलावून सांगितलं, ह्या तुमच्या बायका आहेत, तुमच्या भाषेत तुम्हीच सांगा. पुढच्या वेळी लाईन भरली नाही तर त्या जातील, आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही.

मला चारचौघींत पाणी मागायला जड जातं. दुपारी डबे उघडल्यावर मी उभी राहिले. पुढच्या अमुशाला यायला लागतंय, इथं सुट्टी न्हाई, एवढंच म्हणाले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आक्कानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर न करता म्हणाली, "बेंगळूरला जाऊन अमुशा इकून आलीस काय गं?"

हसण्याचा आवाज बेंगळूरसारखाच होता.

त्यानंतर आक्का माझ्याशी बोलेना. एका छपराखाली, मध्ये फक्त पडदा. चहा झाला की कप वाजवून ठेवायची, म्हणजे मला कळावं की माझ्यासाठी केलेला नाही. गल्लीतल्या बायका दारावरून जाताना दुसरीकडं बघायच्या. गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी जायची. मी परत आले होते ते ह्याच बायकांत आले होते. त्याच नसल्या तर वडगाव काय आणि बेंगळूर काय.

पुढच्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी आक्का मागाच्या खोलीत गेली. माग चालत नाहीत, तरी पुसत होती. मी न बोलावता आत गेले, फडकं घेतलं, दुसऱ्या मागाची धूळ काढायला लागले. खोलीत आवाज नव्हता. मग मला काय झालं कोण जाणे, मी तिला बेंगळूरची माझी पहिली अमावास्या सांगितली. कडबू, कॉलरींचा ढीग, सुपरवायझर, सगळं. आक्का हसायला लागली, तोंडावर पदर धरून.

"आन् मग?"

"मग काय. म्होरच्या अमुशाला गेले."

"काय झालं?"

"काय न्हाई झालं."

तिनं तेलाची बाटली खाली ठेवली. "त्येच तर वाईट हाय गं," म्हणाली.

आम्ही दोन्ही मागांना कुंकू लावलं. दिवा लावला. बाहेर पडताना तिनं पाठमोरीच विचारलं, "उद्या गाडी कितीला येतीया?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. आक्कानं बसण्याआधी शिलाईच्या मशीनला कुंकवाचं बोट लावलं. पांढऱ्या कॉलरींना रंग लागेल म्हणून साहेबानं ते पुसायला सांगितलं. ते मी पुसलं. आक्का बघत होती, पण ह्या वेळी रागावली नाही. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आता मी दमते. कॉलर तीच, मापं तीच, फक्त खिडकीतून दिसणारं शेत ओळखीचं आहे. घरी आल्यानं काय मिळालं असं तू विचारलंस तर मला सांगता येणार नाही. एवढंच कळलंय की बेंगळूरला इतक्या वर्षांत कुणी माझ्याशी बोलायचं टाकलं नाही, कारण तसं बोलायला सुरुवातच कुणी केली नव्हती. इथं एक बाई महिनाभर रुसली आणि मग बोलली. त्याला मी घर म्हणते.

तुझ्यावर तिकडं रुसणारं कुणी आहे का गं?