टाकीच्या पोटाखालची जागा

पेणहून रोह्याला मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी जातो. कारखान्यांतल्या हवेच्या, वाफेच्या टाक्या तपासायच्या आणि दाबाखाली चालवायला त्या सुरक्षित आहेत असं लिहून द्यायचं, हे माझं काम. कायद्याने ही तपासणी ठरावीक मुदतीत करावीच लागते आणि ती सरकारने पात्रता बघून मान्यता दिलेल्या माणसानेच करायची असते. त्या माणसाची सही असल्याशिवाय टाकी चालवता येत नाही. अशा सह्या मी पुष्कळ वर्षं करत आलो. त्यातली एक मात्र मला करायला नको होती.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा रसायनांचा कारखाना होता. त्याच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत माणसाच्या दीडपट उंचीची, तीन आखूड पायांवर उभी असलेली हवेची टाकी होती. ती खोली सांभाळणारे ऑपरेटर कासू गावचे, साठीकडे झुकलेले, अंगाने काटक. त्यांचे वडील मिठागरावर राबलेले आणि कंपनीत लागेपर्यंत ते स्वतःही तिथेच मीठ ओढत होते. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब.

त्या वर्षी मी दुपारी पोचलो तेव्हा मला त्याच दिवशी आणखी दोन कारखाने उरकायचे होते. टाकीवर पूर्वीच्या कुणीतरी पांढऱ्या रंगाने चार गोल काढून ठेवले होते. दरवर्षी तिथेच पत्र्याची जाडी मोजायची पद्धत पडली होती. मीही तिथेच यंत्र लावलं. आकडे चांगले आले. मी ते लिहून घेत होतो, तेवढ्यात काका म्हणाले, “साहेब, खालनं बघितलंत का?”

“खालून म्हणजे?”

“पोटाखाली. पाना आपटला का तिथं आवाज बद्द येतो. वर कसा टणटणीत हाय. आमच्या मिठागरावर उघाडीचं लोखंडी दार व्हतं, खाडीचं पाणी अडवायला. ते असंच आतनं खाल्लं गेलं व्हतं. वरनं रंग शाबूत.”

खाली बघायचं तर जमिनीवर आडवं व्हावं लागणार होतं. आतून बघायचं तर कॉम्प्रेसर बंद करून झाकण उघडावं लागणार होतं. मी मॅनेजरना तसं म्हटलं. ते म्हणाले, “सर, आत्ता बंद केलं तर अख्खी बॅच वाया जाईल. पुढच्या वेळी आधीच उघडून ठेवतो, नक्की.”

मी घड्याळ बघितलं. काकांकडे बघून म्हटलं, “पुढच्या वेळी बघू.” फॉर्ममध्ये ‘आतील तपासणी’ असा रकाना असतो. त्यात मी ‘समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही केली.

पुढच्या वर्षी त्या टाकीच्या पाण्याच्या चाचणीची मुदत आली. या चाचणीत टाकीची सगळी तोंडं बंद करून ती पाण्याने गच्च भरतात आणि रोजच्या दाबाहून जास्त दाब देतात. पाणी एवढ्यासाठी, की टाकी फाटलीच तर पाणी सांडतं आणि दाब तिथल्या तिथे उतरतो. दाबलेली हवा तशी उतरत नाही. ती स्फोटासारखी बाहेर पडते आणि पत्र्याचे तुकडे घेऊन जाते.

कारखान्याला सुट्टी होती. फिटर हातपंप मारत होता, मी काट्यावर नजर ठेवून होतो, काका माझ्या मागे उभे होते. काटा रोजच्या दाबाच्या खुणेवर आला, जरासा पुढे सरकला आणि खालून ‘टक्’ असा आवाज झाला. सुईसारखी बारीक धार भिंतीवर आपटली. दुसऱ्या क्षणी वीतभर चीर पडली आणि पाणी आमच्या बुटांवरून वाहायला लागलं.

“पॅकिंग गेलं काय?” मॅनेजरनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “पत्रा गेला.”

टाकी रिकामी केल्यावर झाकण काढून मी बॅटरी आत धरली. तळाशी गंजाचा थर होता आणि तो खरवडल्यावर उरलेला पत्रा बिस्किटाच्या डब्यासारखा पातळ निघाला. एका वर्षात एवढं होत नाही. मागच्या वर्षी मी झाकण उघडलं असतं तर मला ते दिसलंच असतं.

टाकीपासून दोन हातांवर एक प्लास्टिकची खुर्ची होती. काका वर्षभर शिफ्टला तिथे बसत होते.

मॅनेजर म्हणाले, “खाली एक पॅच मारून घेऊ, सर. मागच्या वर्षी तुम्हीच सगळं ठीक लिहिलं होतं ना?” त्यांनी ते सहज म्हटलं असेल, पण मला ते लागलं. गंज वर्षभरातच वाढला, असं लिहिणं सोपं होतं आणि कुणी विचारायलाही आलं नसतं. दोन दिवस मी पेणला घरात बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला: टाकी कायमची बाद करावी; तसेच मागील वर्षी आतील तपासणी मी केलेली नसताना केल्याचे नमूद केले होते. एक प्रत कारखान्याला दिली, एक सरकारी कार्यालयात. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि काही महिने माझं काम थांबवण्यात आलं. ते योग्यच होतं.

अहवाल दिला त्याच आठवड्यात रविवारी सकाळी मी कासूला काकांच्या घरी गेलो. काकू ओटीवर सुकट निवडत होत्या. “चहा ठेव गो,” काकांनी सांगितलं, पण काकू उठल्या नाहीत. मी कशासाठी आलो हे त्यांना कळलं असावं.

मी सगळं सांगितलं. काका मान खाली घालून ऐकत होते.

“मी तुमचं ऐकायला हवं होतं,” मी म्हटलं.

“व्हय,” ते म्हणाले. “पण मला तर म्हायती व्हतं ना, साहेब. तरी मी बसलोच तिथं. शिफ्ट सोडून जानार कुठं?”

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. “मी वर्षभर ह्यांना डबा भरून दिला,” त्या म्हणाल्या. “आन तुमी न बघता लिवलंत. आता पुढं तुमी बघून लिवताय का न बघता, ते आमाला कसं कलनार?”

काका काहीतरी बोलायला गेले, पण काकूंनी हातानेच थांबवलं. मग त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात न देता त्यांनी तो खाली ठेवला. मी प्यायलो आणि निघालो. काका रस्त्यापर्यंत सोडायला आले. “सांगायला आलात, बरं केलंत,” एवढंच म्हणाले.

कारखान्याने नवी टाकी बसवली आणि तपासणीला दुसरा माणूस नेमला. काका दीड वर्षाने निवृत्त झाले. माझं काम पुन्हा सुरू झाल्यापासून मी कुठेही गेलो की आधी ऑपरेटरला विचारतो आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत अहवालात लिहितो. झाकण उघडलेलं नसेल तर तसाच परत येतो. त्यामुळे काही कारखान्यांनी मला बोलावणं सोडलं.

मागच्या हिवाळ्यात पेणला डोळ्यांच्या दवाखान्यात दोघं भेटले. काकांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, काकूंनी त्यांचा हात धरला होता. काकांनी आवाजावरून मला ओळखलं आणि बराच वेळ नातवाबद्दल बोलत राहिले. निघताना काकूंनी विचारलं, “अजून तेच काम करताव?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “करा,” म्हणाल्या आणि काकांना सांभाळत पायऱ्या उतरायला लागल्या.