नववी शाखा माझ्या गावात

आमच्या शेठनं एकोणीसशे नव्याण्णव साली गोंदियाजवळ कुडव्यात पहिला बार काढला, तेव्हा प्लास्टिकच्या आठ खुर्च्या, एक कूलर आणि मी, एवढंच भांडवल होतं. बी.ए. होऊन मी दोन वर्षं गोंदियात नोकरीसाठी चपला झिजवत होतो. शेठनं मला काउंटरवर बसवलं आणि बाहेर 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशी पाटी लावली. फॅमिली कधी आली नाही. फॅमिली रूमला हिरवा पडदा होता आणि आत आम्ही रिकामे खोके ठेवायचो.

मग शाखा निघत गेल्या. आमगाव, तिरोडा, देवरी. यामागं कंपनीचा मोठा अभ्यास असणार, असं लोकांना वाटायचं. अभ्यास होताच. शेठ नव्या गावात गेला की आधी भंगारवाल्याकडं चहा प्यायचा आणि त्याच्या अंगणातला रिकाम्या बाटल्यांचा ढीग बघायचा. ढीग छातीला लागला की जागा शोधायला मला पाठवायचा. शिकलेले लोक यालाच मार्केट रिसर्च म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. पुढं पुढं ढीग बघायलाही मीच जाऊ लागलो; मुख्य संशोधक मी होतो आणि, खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. पाचव्या शाखेला वेटरांना टाय आले. सातव्या शाखेला आमची कंपनी 'हॉस्पिटॅलिटी' झाली, म्हणजे दारू तीच, फक्त बिलावर सोनेरी अक्षरं.

नववी शाखा अर्जुनी मोरगावजवळच्या माझ्याच गावात निघाली. जागा मीच दाखवली, शाळा आणि तलाव यांच्या मधली. शाळेपासूनचं अंतर टेपनं मोजलं तेव्हा ते अगदी नियमात बसलं. टेपचं एक टोक माझ्याच हातात होतं.

सहा महिन्यांत बायांना तलावावर धुणं घेऊन जाणं नकोसं झालं. भर दुपारी तलावाच्या वाटेवरच्या पुलावर बसलेली आमची गिऱ्हाइकं येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला काहीबाही बोलायची. शेवटी बायांनी बार बंद करण्यासाठी मतदान मागितलं. तसा कायदाच आहे. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला की बार बंद. या अर्जासाठी दारोदार सह्या आणि अंगठे गोळा करत फिरणारी बाई म्हणजे माझी माय.

बाबा गेल्यापासून ती गावात एकटीच राहायची, माझ्या पगारावर. बारच्या पगारावर जगून बारविरुद्ध सह्या घेण्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. "पैसा तुया कष्टाचा हाय, बार शेठचा हाय," म्हणायची. वही घेऊन ती आमच्या बौद्ध मोहल्ल्यातून निघाली ती थेट वरच्या मोहल्ल्यात गेली. त्या घरांच्या अंगणात तिनं जन्मभर धान पाखडलं, मजुरी उभ्यानंच घेतली. या खेपेला त्या बायांनी तिला ओसरीवर बसवलं आणि घरच्या कपबशीत चहा दिला. हे तिनं मला तीनदा सांगितलं. "पाटलीणबाई माह्या बाजूले बसली, बापा!" मी हो हो म्हटलं आणि विषय बदलला.

इकडं शेठनं मला बोलावून घेतलं. "गाँव तेरा, जगह तूने दिखाई. बार बंद हुआ तो तू भी घर बैठ." कायदा त्यानं माझ्यापेक्षा नीट वाचला होता. निम्म्या बाया म्हणजे मत द्यायला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्या. जी येणार नाही ती आपोआप आमची. "बस लगा," शेठ म्हणाला. मतदानाच्या दिवशी सकाळी रामटेक, दुपारी नागपूरची दीक्षाभूमी, जेवण कंपनीकडून. सर्वधर्मसमभाव इतक्या मनापासून पाळणारा दुसरा माणूस मी जिल्ह्यात पाहिला नाही.

पण बारवाल्याच्या फुकट गाडीत पहिलं पाऊल टाकायला बाया लाजत होत्या. कुणीतरी आधी चढायला हवं होतं. कुणी, ते मला चांगलं ठाऊक होतं. रविवारी मोटरसायकल काढली आणि गावी गेलो.

माय तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"तुयी नवकरी जाईल?"

"जाईल."

"मंग मी घरीच राहीन. मत नाई देत."

"घरी नको. गाडीत बस. सगळ्यात आधी."

तिनं सूप खाली ठेवलं. "त्या बायांले काय सांगू मी?"

"काही सांगू नको. नुसती बस."

"काऊन असा झाला रे तू?"

मला लाज वाटत होती, पण ती नोकरी सोडण्याइतकी नव्हती. थोड्या वेळानं तिनं मला जेवायला वाढलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला माय पांढरं लुगडं नेसून गाडीत चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. कडेला उभ्या असलेल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. "हेच चालली, तं आपण कायले थांबावं?" एक जण म्हणाली. दहा मिनिटांत गाडी भरली, दुसरी मागवावी लागली. पाटलीणबाई शाळेकडं मत द्यायला निघाली होती. ती मायच्या खिडकीपाशी थांबली, वर पाहिलं, आणि पुढं गेली.

मोजणीत आडवी बाटली उभीच्या कितीतरी पुढं होती. तरी निम्म्याला थोडक्यात कमी पडली. ती थोडकी मतं मतदानाच्या वेळी रामटेकच्या पायऱ्या चढत होती. शेठनं पेढे वाटले, मला एरिया मॅनेजर केलं आणि "माँ के पैर छूना मेरी तरफ से" असंही सांगितलं. त्यानंतर आमच्या शाखा भंडाऱ्यापर्यंत गेल्या. प्रत्येक नव्या शाखेचा नारळ मीच फोडतो.

मायला मी गोंदियाला चल म्हटलं, ती आली नाही. सह्यांची वही तिनं कुठं टाकली, विचारलं नाही. आमच्यात बोलणं होतं, जेवणखाण होतं, बारचं नाव कुणी काढत नाही.

मागच्या पौर्णिमेला गावी होतो. संध्याकाळी विहारात सगळे पंचशील म्हणत होते आणि माय बायांच्या रांगेत माझ्या समोरच हात जोडून बसली होती. चार शीलं तिनं सगळ्यांबरोबर म्हटली. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. तिथं तिचे ओठ मिटले. मला आधी वाटलं खोकला आला असेल, पण तसं काही नव्हतं. जन्मात दारूचा थेंब न शिवलेली बाई ते एक शील संपेपर्यंत खाली मान घालून गप्प राहिली. मी ते म्हटलं, सगळ्यांबरोबर, चांगलं मोठ्यानं.