डब्याची मागची बाजू
गरम दुधात ती सांधेदुखीवरची जपानी कोलॅजेनची पावडर पडली की अगदी पुसट, ओल्या दोरीसारखा वास येतो, आणि मला सिंगापूरमधल्या बिशानच्या जुन्या फ्लॅटमधलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. लिफ्टपर्यंत जातानासुद्धा गुडघे धरायच्या. जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये एका जपानी कंपनीचं क्रीम-पावडरींचं काउंटर होतं. तिथून मी हौसेने एक गुलाबी डबा आणला आणि रोज सकाळी चमचाभर पावडर त्यांच्या दुधात घालू लागले. महिन्याभरात त्या माझ्या मुलीला चालत शाळेत सोडायला लागल्या. मग एका सकाळी मुलीने डबा उलटा करून वाचला आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आजी, धिस वन गॉट फिश, लाह!" सासूबाई तर अंड्यालाही न शिवणाऱ्या. मी डबा हिसकावून स्वतः वाचला. त्यांनी मात्र ग्लास शांतपणे बाजूला सरकवला. "वास मला पहिल्याच दिवशी आला होता गं. तू इतक्या मायेने आणलंस, म्हणून विचारलं नाही. आता हिने वाचलं, आता नाही चालायचं." काल, आता मोठ्या झालेल्या त्याच मुलीने माझ्या गुडघ्यांसाठी तसाच गुलाबी डबा आणून दिला. मीही शाकाहारीच. दुधात चमचा ढवळला आणि डब्याची मागची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली.