विसाव्या दिवसाचं दूध

मला लिहिण्याची सवय नाही. धारवाल्या बाईंबद्दल कुणी बऱ्या लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं. पण त्यांना पाहिलेले आम्ही दोघंतिघंच उरलोय.

प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर त्या ‘मदतनीस’ होत्या. गाय, शेळी, गाढवीण, डुकरीण, कुणाचीही धार त्या काढत. आठव्या वर्षी आईच्या शेळ्यांवर शिकल्या होत्या. आमच्या मॅडम वेगवेगळ्या प्राण्यांच्या दुधातले मायक्रोआरएनए ताडून पाहत. म्हणजे जनुकांना आवर घालणारे इवलेसे रेणू. ते आईच्या दुधात उतरतात. कोणते सगळ्यांत सारखे, कोणते एकट्या घोडीचे, हे त्यांना हवं होतं. त्यासाठी प्रत्येकीचं व्याल्यानंतर विसाव्या दिवसाचं दूध लागे; फार तर एक दिवस पुढे.

घोडीला बाई घाबरत. आमच्या तबेल्यातल्या घोडीनं आदल्या सालीच लाथ घालून त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तिच्याजवळ जायचं नाही, अशी त्यांच्या मुलानं शपथ घातली होती. तरी विसाव्या दिवशी त्या गेल्या आणि वाटीभर दूध आणून माझ्या हातात दिलं.

“घ्या भाऊ, जिवावर उदार होऊन आणलंय. सांडू नका म्हणजे झालं.”

सांडलं नाही. त्याहून वाईट केलं. दूध आधी यंत्रात गरगर फिरवून साय आणि पेशी वेगळ्या काढायच्या, मग गोठवायचं. मी घाईत तसंच फ्रीजरमध्ये ठेवलं. गोठताना पेशी फुटतात, त्यांच्या पोटातलं सगळं दुधात मिसळतं. मग ताडून काय पाहणार? सकाळी नोंदवहीत फिरवल्याची वेळ लिहायला गेलो, तेव्हा ध्यानात आलं. 

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर बाईंना आजच पुन्हा त्या घोडीपाशी जावं लागणार होतं. दुपारी डबा उघडवेना. शेवटी बाटल्या धुण्याच्या खोलीत जाऊन त्यांना सांगितलं.

नळ तसाच वाहत राहिला.  बाईंनी ओला हात एप्रनच्या खिशात घातला.

“मॅडमना सांगितलंत?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“मग चला. शिंगरू जवळ नसेल तर ती पान्हा सोडत नाही; ते कोण धरणार?”

“मला जनावरांची भीती वाटते हो.”

“आणि माझं काय तिच्यावर प्रेम उतू जातंय?”

तबेल्यात मी शिंगराला धरून, हात लांबवून, होईल तितका दूर उभा राहिलो.

“लांब नका राहू,” बाई हळूच म्हणाल्या. “लांबच्याला लाथ पुरी बसते. तिच्या अंगाला चिकटा.”

त्या घोडीच्या पोटाला खांदा लावून वाकल्या. घोडीचे कान मागे पडले. शेपूट एकदा फटकारलं. मी चिकटलो. कातडीखालची थरथर दंडाला लागत होती. तिची की माझी, कळेना. बाईंचा श्वास ऐकू येत नव्हता. किती तरी वेळानं भांड्यात पहिली चिळकांडी वाजली.

परतताना भांडं त्यांनी माझ्या हाती दिलं नाही. पोटाशी धरून स्वतःच यंत्रापर्यंत नेलं आणि ते फिरून थांबेपर्यंत, बरगड्यांवर हात ठेवून, तिथेच उभ्या राहिल्या.

मग मी मॅडमच्या दारावर टकटक केली.