उभ्या पिकाच्या कडेला

किसनदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीतल्या माझ्या कम्प्युटर क्लासमध्ये बिघडलेला प्रिंटर खोलून बसलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बापू, तुमचे दादा गेले. या." प्रिंटर तसाच टाकून निघालो. वाटभर एकच गोष्ट मनात घोळत होती... शेवटच्या भेटीत मी त्याच्यासमोरून लॅपटॉप ओढून घेतला होता. महिना उलटला, तरी ते डोक्यातून जात नाही.

दादा माझा चुलतभाऊ, पंधरा वर्षांनी मोठा. आमच्या घरात मेंढरांमागे जन्म काढणारा तो शेवटचा. मी शाळेच्या बाकाकडे पळालो. दिवाळी झाली की तो कळप घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी चकलांब्याकडे उतरायचा. रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी ज्वारी द्यायचे. लहानपणी एकदा मी सोबत होतो, तेव्हा दोन कोकरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली. कुणी पाहिलं नव्हतं. दादा आपण होऊन त्या घरी गेला, सांगितलं आणि पोटभर बोलणी खाऊन आला. "कावून सांगितलंस? कुनाला कळलं बी नसतं," मी म्हटलं. तो म्हणाला, "मला कळलं न्हवं?"

साखरेच्या दुखण्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. मेंढरं विकली. जो माणूस वर्षातले आठ महिने चालायचा, तो पत्र्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. जेवणही नको म्हणायचा. मला विद्या एकच येते, म्हणून एक जुना लॅपटॉप नेऊन दिला, त्यात चालायचा एक गेम घालून. त्यात बंदुका नाहीत, गुण नाहीत, हरणं-जिंकणं नाही. समुद्राकाठचे डोंगर, वाऱ्याचा आवाज, आणि आपण नुसतं चालायचं. क्लासमधली पोरं असल्या गेमला नाकं मुरडतात. दादानं बाणाचं बटण दाबलं, वाट पुढे सरकली आणि तो उठून बसला.

"आरं, चालतंय की!"

मग रोज चालणं. चढावर थांबायचा, गवत निरखायचा, "हितं मेंढरं बसवाया लई बेस," असं वहिनींना सांगायचा. भाकरी मागून खाऊ लागला. असल्या खेळात माणूस का रमतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकलो. कुठे पोचायचं नसतं, कुणी हाकलत नाही, आणि चालण्याचं सुख तेवढं मिळतं.

पुढे त्या गेममध्ये गव्हाचं शेत लागतं. त्याच्यातून पलीकडे गेलं की दीपगृह येतं आणि गेम संपतो. दादा रोज शेताच्या कडेला येऊन उभा राहायचा.

"जा की मधून," मी म्हणायचो.

"पीक उभं हाय."

"आरं दादा, ते खरं न्हाई."

"आसंल. पर उभं हाय न्हवं?"

त्या दिवशी मला क्लासला परतायची घाई होती. मी वैतागलो, लॅपटॉप ओढला आणि शेत सरळ तुडवत दीपगृह गाठून दाखवलं. पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं झळकली. "बघ, एवढंच होतं," मी मोठ्या फुशारकीनं म्हणालो. आठव्या दिवशी दादाचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी दुखण्याचंच कारण सांगितलं आणि ते खरंही असेल... पण माझं मन मानत नाही.

दहाव्याला वहिनींनी लॅपटॉप परत दिला. "त्या दिसापासून उघडलाच न्हाई," म्हणाल्या. मी विचारलं, कावून? त्या सांगू लागल्या. "ते म्हनायचे, बापूला वाटतंय मला पल्याड जायचंय. मला कुठं जायचंय? हितं वारं चांगलं हाय. त्या दिशी तुमी गेलाव अन् ते म्हनले, बापूनं संपवलं की समदं."

परवा क्लासमध्ये एकटाच असताना मी तो गेम उघडला. गव्हाच्या कडेपर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. वाऱ्यानं ओंब्या हलत होत्या. बराच वेळ बघत बसलो, मग रडू आवरेना. संपलेला गेम नव्यानं सुरू करायला दोन बटणं दाबावी लागतात. एवढं दादाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.