दौलतभाऊंची रेघ

दौलतभाऊ कुठलीही बाटली आधी नाकाने तपासत. आमच्या वडशाच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. सकाळी आले की कपाट उघडून पाल्याच्या काढ्याच्या एकेका बाटलीचं बूच काढायचे, दुरूनच वास घ्यायचे आणि तोंड वेडंवाकडं करून निकाल द्यायचे. "हे सडलं. हे बी सडलं. हे कालच उकळलं म्हणता? खोटं बोलून राह्यले तुमी." मग ती बाटली मोरीत रिकामी व्हायची आणि पीएच.डी. करणाऱ्या माझ्यासारखीचा अख्खा आठवडा तिच्याबरोबर वाहून जायचा. पहिल्यांदा माझी बाटली ओतली तेव्हा मी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, बुरसा चढला होता. बुरशाचा प्रबंध लिहाचा असन त सांगा, ठेवतो."

किळस हा त्यांचा स्थायीभाव होता, आणि ती त्यांना घाणीपेक्षा खोटेपणाची जास्त यायची. घाण ते धुऊन टाकत. भाऊ ढिवर घरातले. त्यांचे वडील गावच्या तलावात मासे धरायचे आणि सुती जाळी घरीच विणायचे. शिक्षण दहावी नापास, पण काचेची भांडी अशी लख्ख ठेवत की चष्मा लावूनही डाग सापडू नये.

आमचा विभाग त्या काळात फार जोरात होता. वनस्पतीच्या अर्कातून धातूंचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, तयार करायचे, हे आमचं संशोधन. विषारी रसायनं नकोत, पाल्याच्या काढ्यानेच काम व्हावं, असा मुळातला चांगला विचार. जगात कितीतरी ठिकाणी ते काम नीट चालतंही. आमच्याकडे मात्र त्याचा कारखाना झाला होता. पान आणा, उकळा, गाळा, त्यात चांदीच्या क्षाराचं द्रावण टाका, तांबूस रंग आला की शोधनिबंध लिहा. पळस झाला, बेल झाला, मोह झाला. विभागप्रमुख सर दारातून डोकावून एवढंच विचारायचे, "पुढचं पान कुठलं?" निबंधात लिहायचं, 'गडचिरोलीच्या घनदाट अरण्यातून गोळा केलेली पाने'. करंजाची पानं सायकल स्टँडमागच्या झाडाची होती. तोडून आणली दौलतभाऊंनीच, आणि ते वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा ते खिडकीशी जाऊन थुंकून आले.

माझ्या वाट्याला चांदी नव्हती, लोखंड होतं. ऐनाच्या झाडाच्या सालीचा काढा करायचा, त्यात फेरिक क्लोराईड हा लोखंडाचा क्षार टाकायचा, की क्षणात काळंभोर द्रावण. सर खूष. हे लोखंडाचे नॅनोकण, ते पाणी शुद्ध करतील, एटापल्लीकडच्या, लोखंडामुळे तांबूस पाणी येणाऱ्या गावांचं कल्याण होईल, असं सगळं ठरून गेलं. काळा रंग पहिल्यांदा आला त्या दिवशी मी आनंदाने दौलतभाऊंना बोलावलं. त्यांनी वास घेतला, बोट बुडवलं, ते बोट कागदावर ओढलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"ताई, हे त जाळ्याचं काळं होय."

"कसलं काळं?"

"आमचा बाप ऐनाची साल उकळून जाळं त्यात बुडवे. पान्यात सडू नये म्हनून. मातीच्या मडक्यात उकळलं त लाल रंग येते. एखांदवेळी मायनं लोखंडाच्या कढईत उकळलं, त असं काळं होये. बाप लय शिव्या दे. शाई होय हे. कन-बिन काई नाई याच्यात."

मी हसले, पण तो कागद पुन्हा उचलून पाहिला. कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना सर स्वतःच शिकवायचे की काढ्यात फेरिक क्लोराईड टाकून काळं झालं तर त्यात टॅनिन आहे असं समजा. टॅनिन म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य. त्या प्रयोगाच्या परीक्षानळ्याही दौलतभाऊच मांडायचे. तळमजल्यावरची मुलांची प्रयोगशाळा आणि वरच्या मजल्यावरची आमची यांत त्यांना एकच फरक दिसत होता. "खाली ते टॅनिन असते, जिना चढलं का नॅनो होते," असं ते जो भेटेल त्याला सांगायचे.

मी नागपूरला नमुना पाठवून क्ष-किरणांची तपासणी करून आणली. आलेखात धातुरूप लोखंडाची एकही खूण नव्हती. तो कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वरवर पाहिला आणि म्हणाले, "कण फार बारीक आहेत, म्हणून दिसत नाहीत. तसंच लिही." दौलतभाऊ टेबल पुसत होते. फडकं न थांबवता म्हणाले, "नसतीन बी त, सर." सर म्हणाले, "दौलत, तू टेबल पूस."

बाहेर आल्यावर भाऊंनी मला गाठलं. "आता का करता, ताई?" मी म्हटलं, तीन वर्षं गेलीत, भाऊ. विभागातली जागा पदवीवर अडली आहे, आणि सरांच्या सहीशिवाय पदवी नाही. त्यांनी फडकं पिळून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "जे दिसलं ते लिहा ना. शाई झाली असं लिहा. शाई काई वाईट नाई." इतका साधा उपाय होता. मी सरांचं 'तसंच' लिहिलं. आज ते आठवलं की मला स्वतःचीच शिसारी येते.

मौखिक परीक्षेच्या दिवशी सरांनी प्रात्यक्षिक ठेवलं. बाहेरगावचे परीक्षक, प्राचार्य, फोटो काढायला कोणीतरी. टेबलावर हातपंपाच्या तांबूस पाण्याची बरणी. त्यात माझं काळं द्रावण ओतलं, तासभर ठेवलं, आणि वरचं जांभळट पाणी पेल्यात काढलं. "पान्यातलं लोखंड काढाले आनखी लोखंड," दौलतभाऊ माझ्या मागे पुटपुटले. थंडीत वडशाला नाटक कंपन्यांचा मुक्काम असतो, आणि भाऊ एकही प्रयोग सोडत नसत. ते म्हणाले, "नाटकात राजा मरते अन् पडदा पडला का उठून चहा पिते. इथी पडदाच पडत नाई जी."

सरांनी पेला उचलून त्यांच्यापुढे धरला. "दौलत, पिऊन दाखव पाहुण्यांना. शुद्ध आहे."

खोलीत सगळे हसरे चेहरे करून वाट बघत होते. भाऊंनी पेला हातात घेतला, वास घेतला, रोजच्यासारखं तोंड वाकडं केलं आणि टेबलावर ठेवून दिला.

"सर, तुमचे उष्टे कप मी धुतो, त्याची मले लाज नाई. पन हे मी पीत नाई."

सरांचा चेहरा उतरला. परीक्षकांनी चष्मा काढला. माझी तीन वर्षं त्या पेल्यावर येऊन थांबली होती. मी पुढे झाले, पेला उचलला आणि पिऊन टाकला. गंजलेला खिळा चघळल्यासारखी चव, आणि जीभ टाळूला चिकटावी इतका तुरटपणा. ओकारी आली ती मी हसून गिळली. टाळ्या वाजल्या. परीक्षक म्हणाले, "वा, संशोधकाचा विश्वास असा हवा!"

मोरीशी गेले तर आरशात जीभ काळी दिसली. दौलतभाऊ मागून तांब्या घेऊन आले. "चूळ भरा, ताई. लिंबू आनू का? लिंबानं जाते काळं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, जो सडलेल्या बाटलीचं बूच काढताना असायचा. फक्त या वेळी ते माझ्याकडे बघत होते. लिंबाने जीभ स्वच्छ झाली. चव मात्र अजून केव्हाही वर येते.

परीक्षेनंतर प्रबंधाच्या अंतिम प्रती बांधून आल्या तेव्हा मी एक प्रत मुद्दाम त्यांना दाखवायला नेली. ऋणनिर्देशात त्यांचं नाव होतं, 'तांत्रिक साहाय्याबद्दल'. त्यांनी हात पुसले, ओळीवर बोट ठेवत आपलं नाव दोनदा वाचलं.

"खोडा हे."

"भाऊ, छापून झालंय आता. आणि तुमचे आभारच मानलेत मी."

"मले मालूम हाये. खोडा. माह्या बापानं जाळं रंगवलं ते मासे धराले. माह्यं नाव कोनाले फसवाले नोको."

माझा हात उठेना. तेव्हा त्यांनी शेल्फवरून माझ्या नमुन्याची बाटली काढली, आगकाडीचं मागचं टोक त्यात बुडवलं आणि स्वतःच्या नावावर सरळ रेघ ओढली. काळं सगळं तळाशी बसलं होतं, म्हणून रेघ फिकट, राखी उमटली. मी म्हटलं, "हे वाळल्यावर दिसणारही नाही." ते बूच लावत म्हणाले, "राहू द्या. रंग आपोआप चढन."

त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत सरांनी त्यांना शाल दिली, तिचाही त्यांनी आधी वास घेतला. मी पहिल्यांदा मनापासून हसले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढे मला त्याच विभागात जागा मिळाली. काही वर्षांनी ते वारले, आणि मला ते दहा दिवसांनी कळलं. मी त्यांच्या गावी जाऊन आले. अंगणात नायलॉनची जाळी वाळत होती. त्यांच्या बायकोने चहा दिला. प्रबंधाबद्दल तिला काही माहीत नव्हतं आणि मी काही सांगितलं नाही.

ती प्रत माझ्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी काळ्या द्रावणाची बाटली नाचवत आली, "मॅडम, झाले नॅनोकण!" तिला काही सांगण्याऐवजी मी तो प्रबंध काढला. ऋणनिर्देशाचं पान पिवळं पडलं आहे. दौलतभाऊंचं नाव आता वाचता येत नाही. सालीची आणि लोखंडाची शाई हवेने चढत जाते, तशी रेघ काळीकुट्ट झाली आहे. तिच्यातल्या आम्लाने कागद खाल्लाय, आणि खालच्या पानावरही ती तेवढीच सरळ उतरली आहे. ते पान माझ्या प्रतिज्ञापत्राचं आहे, 'हे संशोधन खरे आणि माझे स्वतःचे आहे' असं लिहिलेलं. रेघ बरोबर त्या ओळीवरून गेली आहे.

मुलीने विचारलं, "मॅडम, ही शाई कुठली?"

मी तिच्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवलं.