सायकलचं बिल

फुटबॉल वर्ल्ड कपची स्टेडियम्स पुरी होत आली होती, तेव्हा चौदा वर्षांच्या लेकीसाठी आम्ही दोह्यातल्या अबू हमूरला एक जुनी सायकल बघायला गेलो. किंमत इतकी कमी होती की मला ती चोरीचीच वाटली. त्यात गिअर नव्हते. मी सायकल उलटी करून चेन, ब्रेक, वेल्डिंग सगळं तपासलं. स्टेडियमच्या साइटवर माझं कामच ते.

"गिअर काढून विकले असणार यानं," मी लेकीच्या कानात कुजबुजलो.

"बाबा, इट्स सिंगल स्पीड! दोहा इज फ्लॅट!" लेक सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

माझं तरीही समाधान होईना. मी विकणाऱ्याकडे बिल मागितलं. लखनौचा इंजिनिअर होता तो. त्यानं निमूटपणे आणून दिलं. त्यावर नाव भलत्याच माणसाचं!

"ये तो आपका नाम नहीं है," चोर सापडल्यासारखा मी गुरकावलो.

"जिनसे ली थी, उनका है. उनका प्रोजेक्ट खतम हुआ, अब मेरा भी खतम हुआ." माझ्या गळ्यातल्या स्टेडियमच्या पासकडे त्याची नजर गेली. "बिल संभालके रखिए. बेचते वक्त आपको भी लगेगा."